चार रेघांची खुर्ची

मस्यू आन्सेल्म रिगो यांची आपल्या घरातल्या खुर्चीशी खरी ओळख झाली ती तिच्याखाली उताणं पडल्यावर. तोवर ते जन्मभर तिच्यावर बसत आले होते. पण वर बसून खुर्ची कळत नाही, हे त्यांना त्या रविवारी पटलं. बाहीचं बटण तुटून घरंगळत खुर्चीखाली गेलं होतं. मस्यू रिगो हे नव्हेर नगरपालिकेच्या पाणीखात्याचे उपप्रमुख. स्वतः खाली वाकून बघितल्याशिवाय गळतीबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा खात्यातला नियम. तोच त्यांनी बटणाला लावला. बॅटरी घेऊन ते खुर्चीखाली शिरले आणि बटणाऐवजी त्यांना बैठकीच्या चौकटीच्या आतल्या अंगाला कोरलेली अक्षरं दिसली.

"सोलांज, जरा इकडे ये. इथे खाली काहीतरी लिहिलंय."

"धूळ पुसा, असं लिहिलं असेल," त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कारागिराचं नाव आहे. आणि शेजारी छिन्नीने मारलेल्या चार उभ्या रेघा आहेत."

"बटण आहे का?"

बटण नव्हतं. पण मस्यू रिगोंना आता बटणाची गरज उरली नव्हती. जुन्या काळी खुर्च्या बनवणारे कारागीर कामाखाली आपल्या नावाचा शिक्का मारत, हे त्यांनी दाढी करायला जाताना न्हाव्याकडच्या मासिकात वाचलं होतं. त्यांनी उत्साहाने उठायचा प्रयत्न केला, तर त्यांचं स्वेटर बैठकीच्या एका खिळ्यात अडकलेलं. सोलांजने येऊन त्यांना पाय धरून ओढलं. स्वेटरचा एक धागा मात्र खुर्चीलाच राहिला आणि मस्यू रिगो सुटून बाहेर येईपर्यंत त्याची बरीच लांब वात झाली होती.

खुर्च्या दोन होत्या. दोन्ही हातांच्या, वाकड्या पायांच्या, पाठीवर कोरलेल्या फुलांच्या. आईकडून आलेल्या. दुसरी उलटी करून बघितली तर तिच्यावरही शिक्का होता, पण किडीने त्याची चाळण केली होती. शेजारी रेघा मात्र दोन. म्हणजे क्रमांक. म्हणजे संच. मस्यू रिगोंनी दोन्ही खुर्च्या भिंतीशी उभ्या केल्या, चार पावलं मागे सरकून बघितलं आणि घरात पहिला हुकूम निघाला: आजपासून यांच्यावर कोणी बसायचं नाही.

"मग मी बातम्या कुठे बसून बघू?" सोलांजने विचारलं.

"हा दोनशे वर्षांचा प्रश्न आहे, आणि तुला बातम्या सुचतायत."

"दोनशे वर्षं लोक हिच्यावर बसले, तेव्हा काही झालं नाही. माझ्याच बसण्याने काय होणार आहे, तेवढं सांग."

 मस्यू रिगोंनी उत्तरादाखल दोन्ही खुर्च्यांच्या हातांना दोरी बांधून टाकली, संग्रहालयात असते तशी.

आता, एका जिन्यावर चार बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत कुठली गोष्ट गुप्त राहते? संध्याकाळपर्यंत वरच्या मादाम व्हिलेत खाली आल्या. त्यांचे यजमान हयातभर एका वकिलाकडे मृत्युपत्रांच्या नकला करत होते. त्यामुळे मेलेल्या माणसांच्या वस्तूंबद्दल बोलण्याचा हक्क इमारतीत त्यांच्याकडे होता. त्यांनी चष्मा लावून खुर्चीची भोकं बघितली आणि एखाद्या घरात देवी निघाल्या असाव्यात तसा चेहरा केला.

"कीड आहे, मस्यू रिगो. जिवंत. बारीक भुगा पडतोय बघा."

"मग काय करायचं?"

"रॉकेल. नाहीतर लसूण घालून उकळलेलं व्हिनेगर. पण माझ्या यजमानांचे वकीलसाहेब एक कपाट असं वाचवायला गेले नि गमावून बसले. खात्रीचा उपाय एकच, थंडी. कडाक्याची. कीड गारठून मरते नि लाकडाला काही होत नाही."

"मे महिन्यात कडाक्याची थंडी कुठून आणू?"

मादाम व्हिलेतनी बोटाने खाली दाखवलं. खाली मस्यू बिदोंचं मांसाचं दुकान होतं.

मस्यू बिदो भला माणूस. त्याने कारण विचारलं नाही, फक्त "दोन्ही का? भोकं तर एकीलाच आहेत," एवढं म्हणाला. मादाम व्हिलेतनी त्याला समजावलं की घरात एका पोराला गोवर आला की दुसऱ्यालाही घरी ठेवतात. म्हणून दोन्ही खुर्च्या शीतगृहात गेल्या. जमिनीवर जागा नव्हती, तेव्हा बिदोने त्या आकड्यांना टांगल्या, दोन डुकरांच्या मध्ये. तिथे त्या आठवडाभर राहिल्या. दुकानाचं मागचं दार उघडलं की रांगेतल्या बायकांना त्या दिसायच्या, आणि गुरुवारपर्यंत गावात बातमी होती की पाणीखात्याच्या रिगोला घरातलं सामान विकायची पाळी आलीय, बिदोने मांसाच्या उधारीपोटी खुर्च्या ओढून नेल्या. पाणीखात्याच्या प्रमुखांनी मस्यू रिगोंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि फार हळुवारपणे विचारलं, "रिगो, घरी सगळं ठीक आहे ना?"

कीड मेली. याबद्दल मादाम व्हिलेतना श्रेय द्यायलाच हवं. पण खुर्च्या परत आल्या त्या लसणीच्या सॉसेजचा वास घेऊन. त्यानंतर जिन्यातला प्रत्येक कुत्रा रिगोंच्या दारापाशी थांबू लागला.

तिसरा सल्लागार घरचाच होता, म्हणून तो टाळता येण्यासारखा नव्हता. सोलांजचा भाऊ फिर्मां याचं टायरचं दुकान होतं, आणि ज्याला टायर कळतो त्याला जगात सगळं कळतं असा त्याचा साधा विश्वास होता. त्याने खुर्चीवर टिचक्या मारल्या, कान लावला, वास घेतला ("जुन्या मालाला असा वास येतोच," तो म्हणाला) आणि कोणी काही म्हणायच्या आत पुढचा पाय चाटून बघितला.

"हे काय?" मस्यू रिगो म्हणाले.

"लाकूड खोटं असलं तर गोड लागतं. हे खारट आहे. भावोजी, माल खरा आहे."

"खारटपणा बिदोचा आहे," सोलांज म्हणाली.

मस्यू रिगोंनी ठरवलं, आता सल्ले बस. काम रीतीने करायचं. नगरपालिकेत उमेदवारीपासून असलेला माणूस रीतीवर विश्वास ठेवणार नाही तर कोण ठेवणार? पहिली रीत म्हणजे संग्रहालय. एक खुर्ची, ती चार रेघांची, खांद्यावर घेऊन ते निघाले. अर्ध्या वाटेत खांदा बोलू लागला, म्हणून बसथांब्यापाशी त्यांनी ती खाली ठेवली. दम घेऊन वळून बघतात तो तिच्यावर एक आजीबाई बसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर.

"मादाम, ही खुर्ची..."

"फार छान सोय केलीत हो. आमच्या थांब्यावर कधीपासून बाक मागतोय आम्ही. तुम्ही नगरपालिकेचे ना?"

ते नगरपालिकेचे होते, हीच पंचाईत. बस येईपर्यंत मस्यू रिगो टोपी हातात धरून शेजारी उभे राहिले. जाताना आजीबाईंनी बजावलं, "आता पावसासाठी छप्पर तेवढं टाका."

संग्रहालयातल्या बाईंनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. नव्हेरचं संग्रहालय चिनीमातीचं; ताटं, सुरया, कुंड्या. "आमच्याकडे लाकडाला विभाग नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यावर एखादं ताट चितारलेलं असतं तर मी नोंद केली असती." मस्यू रिगोंना राग आला नाही. उलट त्यांना त्या बाईंबद्दल आदर वाटला. तेही पाणीखात्यात गटारांच्या तक्रारी अशाच परत पाठवत.

दुसरी रीत म्हणजे दप्तरखाना. जुन्या कारागिरांच्या नावांच्या याद्या तिथे होत्या, पण आत जायला वाचकाचं कार्ड लागत होतं, आणि कार्डाला राहत्या पत्त्याचा पुरावा. पुरावा म्हणून काय चालेल?

"पाण्याचं बिल," खिडकीतला माणूस म्हणाला.

मस्यू रिगोंच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचं पहिलं हसू आलं. पाण्याचं बिल ही या गावात त्यांचीच निर्मिती. त्यांनी ऐटीत बिल काढून दिलं. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"मादाम बेर्त रिगो तुम्हीच का?"

बेर्त म्हणजे त्यांची आई. वारून बरीच वर्षं झाली होती. नाव बदलायचा अर्ज द्यायचा राहून गेला होता, कारण तो अर्ज मस्यू रिगोंच्याच टेबलावर येणार होता आणि स्वतःला अर्ज कसला द्यायचा, असं त्यांना वाटलं होतं. आता तो द्यावा लागला. आपल्याच कार्यालयाच्या खिडकीशी ते रांगेत उभे राहिले. आतल्या लिपिकाला त्यांनीच कामाची शिस्त लावलेली होती; त्याने शिस्तीने सांगितलं की मयताचा दाखला जोडलेला नाही, उद्या या. सही उपप्रमुखांची लागते, आणि उपप्रमुख आज जागेवर नाहीत.

एवढं सगळं पार पडून कार्ड मिळालं, आणि मस्यू रिगो दप्तरखान्यात बसले. त्यांनी अक्षरांचा ठसा कागदावर पेन्सिलीने घासून नेला होता. तिथल्या संशोधक बाईंनी तो उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला.

"या नावाचा कारागीर आमच्या कुठल्याच यादीत नाही," त्या म्हणाल्या. "हे अक्षर बघा. तिरपी रेघ उलटी आहे. असं अक्षर फ्रेंचमध्ये नाही, रशियनमध्ये आहे."

ही बातमी त्यांनी घरी सांगायला नको होती. फिर्मां तेव्हा तिथेच जेवायला होता. दुसऱ्या दिवशी टायर बदलायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळलं की फिर्मांच्या भावोजींकडे झारच्या खुर्च्या आहेत.

शेवटी मस्यू रिगो गेले लिलावघराच्या मस्यू लानूव्हकडे. जुन्या सामानाचे पारखी म्हणून आसपास त्यांचं नाव होतं. बारीक, स्वच्छ, हळू बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झारचंसुद्धा, आणि विचारलं, "एकीवर दोन रेघा, दुसरीवर चार. मग एक आणि तीन कुठे आहेत?"

मस्यू रिगो टोपीची कड चाचपू लागले.

"माहीत नाही?"

"माहीत आहे," मस्यू रिगो म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

ती अडचण अशी. एक आणि तीन रेघांच्या खुर्च्या पुयी गावी होत्या, त्यांच्या मावसबहिणीकडे, ओर्तांसकडे. बेर्त आणि ल्युसी या दोघी सख्ख्या बहिणी. वडील गेल्यावर चार खुर्च्या दोघींत दोन-दोन वाटल्या गेल्या. इथवर ठीक होतं. पण चारांतली एक नकली आहे, असं त्या घरात कोणीतरी कधीतरी बोलून गेलं होतं. कोण बोललं, कधी बोललं, कोणालाच सांगता येत नव्हतं. बेर्तची खात्री, की नकली आपल्या गळ्यात मारली. ल्युसीची खात्री, की नकली असलीच तर ती बेर्तच्याच वाट्याला आली, आणि त्यात आपली लबाडी नाही. दोघी बहिणींनी पुढे एकमेकींचं तोंड बघितलं नाही. एकीच्या अंत्यविधीला दुसरी गेली ती चर्चच्या दाराबाहेर उभी राहून परत आली. पुढे मुलांनी हे भांडण वारशात मिळालेल्या इतर वस्तूंसारखंच नीट जपलं. लहानपणी ज्या ओर्तांसबरोबर आन्सेल्म नदीत पाय सोडून बसायचा, तिच्याशी तो आपल्या लग्नानंतर एक शब्द बोलला नव्हता.

"चारही एकत्र बघायला मिळाल्या तर मी काही सांगू शकेन," मस्यू लानूव्ह म्हणाले. "दोन खुर्च्या म्हणजे नुसत्या दोन खुर्च्या."

मस्यू रिगो घरी येऊन फोनसमोर बसले आणि बसूनच राहिले. त्यांनी फोन उचलला, ठेवला. सोलांजने थोडा वेळ बघितलं, मग हात पुसत आली, नंबर फिरवला आणि फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला.

"ओर्तांस? मी आन्सेल्म बोलतोय."

 पलीकडचा आवाज म्हणाला, "आई सांगून गेली होती. नकली त्यांच्याकडे आहे हे त्यांना कळलं, की बेर्तच्या घरून फोन येईल."

"नकली आमच्याकडे नाही."

"मग फोन कशाला केलास?"

मस्यू रिगोंनी पारख्याचं सांगितलं. ओर्तांसने ऐकलं. आपल्या खुर्च्या घराबाहेर जाणार नाहीत, तुझ्या तू इथे घेऊन ये, ही तिची अट. पारखी आणायचा तर आण, पण तो तुमच्या बाजूचा नको. पारख्याला बाजू नसते, मस्यू रिगो म्हणाले. जेवणाला बाजू असते, ओर्तांस म्हणाली, म्हणून तो माझ्याकडे जेवेल. "आणि सोलांज जायफळ खात नाही, हे अजून तसंच आहे का? तुमच्या लग्नात तिने ताट परत पाठवलं होतं."

"तसंच आहे," मस्यू रिगो म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर उगाचच चष्मा पुसत बसले.

खुर्च्या फिर्मांच्या गाडीतून निघाल्या. गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फिर्मां: घसरणार नाही'. वाटेत मागचा टायर बसला. टायर दुकानदाराच्या गाडीत जादा टायर नव्हता. "गिऱ्हाइकाला दिला," फिर्मां म्हणाला. तो मदत आणायला गेला तेव्हा ल्वार नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर, द्राक्षमळ्यांच्या कडेला, मस्यू रिगोंनी दोन्ही खुर्च्या गाडीतून उतरवल्या, कारण गाडीत उकाडा होता आणि मादाम व्हिलेतनी उकाड्याबद्दल सक्त ताकीद दिली होती. दोघं नवरा-बायको खुर्च्यांच्या शेजारी गवतात बसले. थोड्या वेळाने सोलांज उठली, दोरी सोडली आणि दोन रेघांच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मस्यू रिगोंनी तोंड उघडलं.

"काही बोलू नकोस, आन्सेल्म," ती म्हणाली. "किती दिवसांनी पाठ टेकतेय."

त्यांनी तोंड मिटलं. नदी संथ वाहत होती. जरा वेळाने ते चार रेघांच्या खुर्चीवर बसले. इतक्या दिवसांत मस्यू रिगोंचा तो सगळ्यात चांगला वेळ गेला.

पुयीला पोचायला उशीर झाला. ओर्तांस दारात उभी होती, उंच, हाडापेराने मजबूत, कमरेला एप्रन. तिने मस्यू रिगोंना खालून वर बघितलं.

"केस गेले तुझे," ती म्हणाली.

"तू तशीच आहेस," मस्यू रिगो म्हणाले.

"खोटं बोलायची सवय बेर्तमावशीची. ये आत."

मस्यू लानूव्ह आधीच आले होते आणि त्यांच्यासमोर चीज आणि वाइन होती. ओर्तांसने जेवणाची बाजू भक्कम केली होती. चारही खुर्च्या खिडकीशी एका ओळीत मांडल्या. बऱ्याच वर्षांनी एकत्र आलेल्या. सगळे क्षणभर बघत राहिले; चारही सारख्या, एकीचा हात दुसरीपासून वेगळा सांगता येऊ नये. मस्यू लानूव्हनी कोट काढला, अंगावर पांढरा डगला चढवला आणि एकेक खुर्ची टेबलावर पालथी घातली. ते बघत होते, नखाने ओरखडत होते, भिंगातून वाचत होते. फिर्मांने "चाटून बघितलंत का?" असं विचारलं, पण सोलांजने त्याच्या पायावर पाय दिला.

अखेर ते सरळ झाले.

"तीन जुन्या आहेत. खऱ्या. बीचचं लाकूड, करवतीने कापून काढलेले वळसे, शिक्का एका ठोक्यात मारलेला. पण तिन्हींवर तो इतका पुसलाय की दोन कारागिरांच्या नावांपैकी कुठलंही असू शकेल. कोणी बनवल्या, कोणासाठी, आधी कुठल्या घरात होत्या, हे मला सांगता येणार नाही. बहुधा कोणालाच येणार नाही."

"आणि चौथी?" ओर्तांसने विचारलं.

"चौथी नकली आहे. चार रेघांची."

चार रेघांची म्हणजे आन्सेल्मची. जिच्याखाली ते उताणे पडले होते ती. जी बसथांब्यावर गेली, संग्रहालयात गेली, दप्तरखान्यात जिच्या अक्षरांनी रशियापर्यंत मजल मारली ती. मस्यू रिगो खाली बसले. कशावर बसतोय हे बघायचं भान त्यांना नव्हतं. सुदैवाने ती ओर्तांसची साधी फळ्यांची खुर्ची होती.

"आई सांगत होती," ओर्तांस म्हणाली. तिचा आवाज चढला होता, बरीच वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा. "आयुष्यभर सांगत होती. आणि बेर्तमावशी आम्हाला चोर म्हणायची."

"माझ्या आईलाही ठाऊक होतं की नकली तिच्याकडे आहे," मस्यू रिगो म्हणाले. "म्हणजे तीच खरं बोलत होती. नकली तिच्याच गळ्यात मारली होती."

हे खरं होतं. ओर्तांसने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आपण जिंकलो की हरलो हे न समजून ते तसंच ठेवलं.

"माझं संपलं नाही," मस्यू लानूव्ह हळूच म्हणाले. "नकली म्हणालो, वाईट म्हणालो नाही. ही कोणा खुर्च्यांच्या कारागिराने केलेली नाही, आणि विकायलाही केलेली नाही. शिक्का बघा. चाकूच्या टोकाने एकेक अक्षर कोरलंय. वाचता न येणाऱ्या माणसाने चित्र काढावं तसं. म्हणून ते एक अक्षर उलटं झालं. आणि लाकूड ओकचं आहे. हे हात, ही पाठ, करवतीने कापलेली नाही. विस्तवावर तापवून, पाणी मारून वाकवलीय. असं काम खुर्च्या करणारे करत नाहीत. मी असं वाकवलेलं ओक फक्त एका ठिकाणी बघितलंय."

"पिंपांत," ओर्तांस म्हणाली.

"वाइनच्या पिंपांत. हो."

 ओर्तांस टेबलापाशी आली आणि पालथ्या खुर्चीच्या हातावरून तिने तळवा फिरवला, वळणावरून पुढे, पुन्हा मागे.

"आजोबा," ती म्हणाली.

आजोबा पिंपं बनवायचे. साऱ्या पुयीची वाइन त्यांच्या पिंपांत मुरायची. त्यांना सही यायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं; सहीच्या जागी ते अंगठाही उठवायचे नाहीत, एक छोटं पिंप काढायचे.

"म्हणजे खुर्च्या तीनच होत्या," मस्यू रिगो सावकाश म्हणाले. "कुठल्यातरी मोडक्या घराच्या लिलावात त्यांनी तीन घेतल्या असणार. आणि मुली दोन."

"दोन मुली नि तीन खुर्च्या," ओर्तांस म्हणाली. "आपल्या आयांना ओळखत होते ते."

"म्हणून चौथी केली."

"भांडण नको म्हणून."

हे बोलून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ओर्तांसला आधी हसू फुटलं. ते तोंड दाबून येणारं, अंत्यविधीत येतं तसं हसू होतं. तिने एप्रन तोंडाला लावला. मस्यू रिगोही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खिशातला रुमाल काढावा लागला. सोलांजने तो बघून न बघितल्यासारखं केलं. ती ओर्तांसच्या स्वयंपाकघरात गेली आणि न सांगता ताटं काढायला लागली. जेवणात कशातही जायफळ नव्हतं.

जेवण लांबलं. ओर्तांसने आजोबांचं सांगितलं, कसे ते पिंपात डोकं घालून ओरडायचे आणि आवाजावरून पिंप कुठे गळतंय ते ओळखायचे. गळती शोधायची ही पद्धत मस्यू रिगोंना इतकी पसंत पडली की त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. फिर्मां म्हणाला की टायरचंही तसंच असतं, आणि या वेळी कोणी त्याला गप्प बसवलं नाही.

चीज झाल्यावर मस्यू लानूव्हनी पेन काढलं. पारखपत्र लिहायचं होतं. "एक रेघ, बीच, कारागीर अज्ञात," ते लिहिता लिहिता म्हणाले. "दोन रेघा, कारागीर अज्ञात. तीन रेघा, कारागीर अज्ञात. चार रेघा, ओक..." ते थांबले आणि त्यांनी वर बघितलं.

"एतिएन बार्दे," आन्सेल्म आणि ओर्तांस एकदमच म्हणाले.

"पुयीचे," ओर्तांसने जोडलं. "पिंपं करणारे."

"आपल्या दोन मुलींसाठी," मस्यू रिगो म्हणाले. "तेही लिहा."

मस्यू लानूव्हनी तेही लिहिलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ खुर्च्यांची पत्रं लिहिली असतील, पण इतकी भरलेली ओळ त्यांच्या हातून क्वचितच उतरली असेल. त्यांनी शाई वाळू दिली. मग ओर्तांस खुर्ची सरकवून उठली, चार रेघांची सरळ केली, भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर बसली. चांगली टेकून.

"माझ्या दोन्ही तू घेऊन जा," ती म्हणाली. "खऱ्या. शिक्क्यासकट. ही इथे राहील."

"ती माझ्या आईची आहे," मस्यू रिगो म्हणाले.

"पुयीत झाली, पुयीत राहील. इथल्याच ओसरीवर त्यांनी लाकूड वाकवलं असेल."

"चौकट बघ, तिला माझ्या स्वेटरचा धागा आहे."

"धागा कापून देते."

"ओर्तांस, ऊठ."

"उठवून दाखव."

मस्यू लानूव्हना हे दोघे किती वर्षं बोलत नव्हते ते सांगितलेलं होतं, म्हणून ते घाबरले. त्यांनी घाईने डगल्याची घडी घातली, पत्र टेबलावर ठेवलं आणि दारापाशी जाऊन सौम्यपणे म्हणाले, "मादाम, मस्यू, एक सांगायला हवं. गैरसमज नको. पहिल्या तीन खुर्च्यांना चांगला भाव येईल. या चौथीला बाजारात काही किंमत नाही."

"ते कळलं आम्हाला," ओर्तांस खुर्चीतून न हलता म्हणाली. "पण आधी कोणाकडे राहणार, ते ठरू दे."